धैर्यशीलचं नवाबी हॉटेल

ती. ताईस,
जुईचा लखनौहून वाकून नमस्कार. मी मजेत आहे. तुझ्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना?

बँकेच्या कॉन्फरन्ससाठी हॉटेल बघायला गेले होते. जुन्या लखनौत, चौक भागात. सगळा नवाबी थाट, खोल्यांना बेगमांची नावं, वेटर अचकनीत. आणि मॅनेजर कोण असावा? धैर्यशील! अठरा वर्षांपूर्वी तुला बघायला आलेला. केस गेलेत, पण हसणं तेच. मला त्याने ओळखलं नाही. तेव्हा मी पाण्याचे पेले फिरवणारी शाळकरी पोर, आणि आता मुद्दाम हिंदीच झाडत होते.

त्याच्या आईने तुला अंगणात चालून दाखवायला लावलं होतं. मी त्याला खोल्या दाखवायला तीन मजले दोनदा चढवलं. त्यांनी पोहे तीनदा मागून खाल्ले होते, मी कबाब तीनदा मागवले. वर म्हणाले, "नमक ज़रा कम है." तू अजूनही पोहे करत नाहीस ना गं?

निघताना तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, चालीस कमरे पक्के समझूँ?"

मी गोड हसले. "घर में पूछ के बताते हैं." त्याच्या आईचंच वाक्य, फक्त हिंदीत.

बुकिंग मी त्याच दिवशी दुसरीकडे करून टाकलं. त्याचे आजवर अकरा फोन आले, एकही उचलला नाही.

बाबा चार महिने फोनजवळ खुर्ची टाकून बसले होते, ताई. आता त्याला बसू दे.

तुझीच,
जुई