गोदाम सुपरवायझर पाहिजे

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात आणि खरं.

कामठी रोडवरच्या सरकारी गोदामाचं कंत्राट आमच्या एजन्सीला मिळालं. गार्ड, लोडर आणि एक गोदाम सुपरवायझर आम्ही पुरवायचे. माणसं निवडायचं काम अर्थातच माझं. रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात माणूस बघताक्षणी ओळखणारी दुसरी आहे कोण?

सुपरवायझरसाठी सरकारची अट नवीन आहे. लॉजिस्टिक्सचा डिप्लोमा हवा, स्कॅनर चालवता यायला हवा, स्टॉक कॉम्प्युटरवर ठेवता यायला हवा. वाचतावाचताच नाव समोर आलं. आमचा अश्विन. हैदराबादला एका खासगी कंपनीत तो हेच करतो, एका खोलीत तिघं राहून आणि बाहेरचं खाऊन. इथे तेच काम घरचं जेवून करेल.

मालक गोपाळराव म्हणाले, बाई, तुमचा पोरगा म्हणजे मले कशाची चौकशी? पण एप्रिल संपायच्या आत माणूस उभा करा, नाही तर कंत्राट गेलं समजा. म्हटलं, जागा भरली समजा.

अश्विनला अजून सांगितलेलं नाही. ती फॉर्मॅलिटी.

६ मार्च, गुरुवार
गार्डच्या मुलाखती. डिग्र्या वाढल्या, उंची घटली. एका इंजिनिअरने विचारलं, गेटवर वायफाय आहे का? दुसऱ्याला विचारलं, आग लागली तर सगळ्यात आधी काय करशील? म्हणाला, ग्रुपवर टाकीन.

सगळ्यांना ‘कळवू’ म्हटलं. आमच्या धंद्यात ‘कळवू’ म्हणजे नाही. हुशारांना जिना उतरताना कळतं.

संध्याकाळी अश्विनला फोन. सगळं सांगितलं. मग म्हणाला, आई, कळवतो.

म्हणजे आलाच. ‘कळवू’ आणि ‘कळवतो’ यांत फरक आहे. ‘कळवतो’ एकवचन आहे. त्यात माणूस स्वतः जबाबदारी घेतो.

११ मार्च, मंगळवार
अश्विनची खोली आवरायला काढली. त्याचे बाबा पोस्टातून रिटायर झाल्यापासून तिथे पेपर साठवतात. सगळी रद्दी बाहेर. ते म्हणाले, प्रेमिला, तो येतो म्हणाला का? म्हटलं, कळवतो म्हणाला. त्यांनी चष्मा चढवला. वाचायला समोर काही नव्हतं.

निश्चय: आता त्याचा फोन येईपर्यंत आपण करायचा नाही.

तोच दिवस, संध्याकाळी
केला. पण पडद्यांच्या रंगाबद्दल. म्हणाला, कोणताही लाव गं. सगळेच रंग आवडतात त्याला इथले.

१९ मार्च, बुधवार
सुपरवायझरच्या जागेसाठी आणखी उमेदवार पाहिल्याचं दिसावं लागतं, असं गोपाळरावांचं म्हणणं. म्हणून भिवापूरहून भावना नावाच्या मुलीला बोलावलं. डिप्लोमा आहे. मिरचीच्या गोदामात काम केलेलं आहे. स्कॅनर हातात दिला तर तिने मलाच दाखवलं की बॅटरी उतरली आहे. विचारलं, बापाच्या वयाचे लोडर तुझं ऐकतील? म्हणाली, पहिले त्यायचं नाव विचारीन, मॅडम. नावानं हाक मारली का माणूस वळतेच.

उत्तर ठीक होतं. पण आवाज बारीक. शिवाय राहते लांब. आणि जागा तशी रिकामी नाहीच. कळवू म्हटलं.

२८ मार्च, शुक्रवार
अश्विन फोन उचलत नाही. मार्चअखेर, स्टॉक मोजत असणार. जबाबदार मुलगा. उगाच घेत नाही मी त्याला.

बापलेकांचं मात्र गॅलरीतून फोनवर बोलणं चालू असतं. मी गेले की क्रिकेट सुरू होतं.

२ एप्रिल, बुधवार
खात्याचे साहेब गोदाम पाहून गेले. सुपरवायझर कुठे आहे, विचारलं. सांगितलं, पंधरा तारखेला जॉइन होतो आहे. मी खोटं बोलत नाही. थोडं लवकर बोलते इतकंच.

गेटवरचा देवराव, आमचा जुना गार्ड, म्हणाला, मॅडम, तुमचा सुपरवायझर येऊन राहिला, येऊन राहिला, तोपर्यंत आतमंदी उंदरायची भरती झाली ना! आणि त्यायले तर डिप्लोमा बी नाही लागला. मी त्याला कॉलरचं बटण लावायला सांगितलं.

८ एप्रिल, मंगळवार
भावना न बोलावता ऑफिसात आली. सकाळच्या एसटीने. उभ्याउभ्याच म्हणाली, नाही असंन त नाही म्हणा, मॅडम. मी दुसरीकडे पाहीन. पण कळवू म्हणू नका. घरी माय रोज विचारते, आला का फोन म्हणून. तिले काय सांगू?

फार तोंडाळ मुलगी. सुपरवायझरला असं तोंड चालत नाही.

जेवताना हे अश्विनच्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, नाही म्हणून टाकायचं होतं. मग ताटाकडे बघत म्हणाले, नाही म्हणता यायला पाहिजे माणसाले. आज त्यांना वरण आवडलं नसावं.

१३ एप्रिल, रविवार
उद्या बाबासाहेबांची जयंती. जयंतीला अश्विन घरी नाही असं कधी झालेलं नाही. शिकायला होता तेव्हाही यायचा, उभ्याने प्रवास करून. म्हणजे उद्या सकाळी इथे आणि परवा गोदामावर. मी तारीख पंधरा दिली ती काही उगाच नाही.

फोन लागत नाही. बसमध्ये रेंज नसते.

१४ एप्रिल, सोमवार
विहारात वंदनेला दोघंच गेलो.

दुपारपर्यंत वाट पाहिली. मग त्याच्या बाबांच्या फोनवरून लावला. पहिल्याच रिंगला उचलला. हां बाबा, बोला ना, म्हणाला. असा मोकळा आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. म्हटलं, मी आहे.

तो तिथे पर्मनंट झाला आहे. खोलीही स्वतंत्र घेतली आहे. म्हणाला, आई, कळवणारच होतो. म्हटलं, इथे काय कमी होतं? म्हणाला, घरी तुझी हजेरी, गोदामावर पण तुझीच हजेरी. मग मी सुटी कुठे घ्यायची, आई? हसत म्हणाला. मागे मिरवणुकीचे ढोल वाजत होते. तिथली जयंतीही चांगली होते म्हणे.

त्याच्या बाबांना होळीपासून माहीत होतं. विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, तुले सांगायची हिंमत कोणात आहे वं?

ते रागाने म्हणाले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

१६ एप्रिल, बुधवार
काल रजा. डोकं दुखत होतं.

आज भावनाला स्वतः फोन केला. म्हटलं, उद्यापासून ये. ती म्हणाली, खरंच, मॅडम? मग फोन हातात धरूनच ओरडली, वं माय, झालं वं! आवाज बारीक नाही तिचा.

गोपाळरावांनी अश्विनचं विचारलं. म्हटलं, आपल्या अटींत बसला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
भावनाचं काम नीट आहे. लोडर तिचं ऐकतात. पण आज एसटी उमरेडच्या अलीकडे बंद पडली आणि ही दोन तास उशिरा. रोज भिवापूरहून जाणंयेणं जमणार नाही. गोपाळराव म्हणाले, बाई, तिच्यासाठी कुठं खोली पाहा ना, तुमच्या ओळखीत. म्हटलं, माझ्या ओळखीत नाही.

घरी सहज बोलले. अश्विनच्या बाबांनी पेपरची घडी घातली आणि हॉलमध्येच ठेवली. त्या खोलीत आता ठेवत नाहीत.

२७ एप्रिल, रविवार
भावना राहायला आली. एक बॅग आणि आईने दिलेली तिखटाची बरणी. मी नियम सांगितले. दिवा वेळेवर बंद. ओला टॉवेल पलंगावर नाही. जेवताना फोन नाही. जी मॅडम, जी मॅडम म्हणत राहिली. शेवटी म्हटलं, घरात मॅडम नको. मग काय म्हणू, तिने विचारलं. म्हटलं, कळवते.

बॅग न उघडताच ती दारात उभी राहिली. म्हणाली, ही दादाची खोली आहे ना? तो सुटीत आला का मी कुठं जाऊ?

म्हटलं, तू कुठे जायचं नाहीस. तो हॉलमध्ये झोपेल. आमच्याकडे पाहुण्यांची गादी हॉलमध्येच घालतात.