डचेसचं बाळंतपण

२ मार्च, ओगलाला
हिवाळी झोपेसाठी तळघराच्या गारठ्यात ठेवलेले दोन्ही हॉगनोज साप वर आणले. ड्यूक नर, डचेस मादी. बायको लवॉनशी करार झाला: एक जूनपर्यंत अंडी, नाहीतर साप विकायचे आणि शिवणाची खोली तिला परत. तिने कॅलेंडरवर तारखेला लाल गोल केला. दोनदा.

९ मार्च
सापांच्या प्रदर्शनात ऑर्फाबाई भेटल्या. तीस वर्षं सापच पाळतायत. म्हणाल्या, डेल्मर, जोडी घेऊन ये, शेपट्या बघून नर-मादी फुकट सांगते. म्हटलं, अठ्ठावीस वर्षं गुरं वाढवलीत बाई, मला काय सांगता! डचेसचा तर चेहराच बायकी आहे.

११ एप्रिल, सकाळ
ड्यूकला डचेसच्या पेटीत सोडलं. डचेस ताबडतोब उताणी. तोंड उघडं, जीभ बाहेर, मेल्याचं सोंग. सरळ केली. पुन्हा उताणी. लाजते बिचारी. लवॉन म्हणाली, लग्नाच्या रात्री तूही असाच पडला होतास.
हे लिहायला नको होतं.

२५ एप्रिल
डचेसला डबल उंदीर. नाक मुरडते, म्हणून उंदराला टूना माशाच्या डब्यातलं पाणी चोळलं. त्यामुळे लवॉनचा टूनाचा बेत रद्द. त्याग सगळ्यांनीच करायचा असतो. संकल्प: उद्यापासून रोज वजन. (डचेसचं.)

९ मे
वजन राहिलं. पण डचेस चांगलीच जाड दिसते, म्हणजे दिवस गेलेत. ड्यूकने मात्र अन्न सोडलंय. बापाची काळजी! थोरलीच्या वेळी माझंही असंच झालं होतं. लवॉनच्या आठवणीप्रमाणे मी तेव्हा अख्खा केक खाल्ला होता, चेरीचा.

२२ मे
डचेसच्या पेटीत ओल्या शेवाळाचा डबा ठेवला, अंड्यांसाठी. ड्यूक वेड्यासारखा भुसा उकरतोय. लवॉन म्हणाली, अरे, त्याच्याकडेही ठेव एक डबा. म्हटलं, बापाचे कसले डोहाळे पुरवायचे?

३० मे
डचेस निवांत. मला झोप नाही. गुरं विकल्यापासून सकाळी उठायला हेच दोघे कारण आहेत. गेले तर फार वाईट वाटेल.

१ जून, सकाळी ६
अंडी! अकरा! ड्यूकच्या पेटीत!
नराने अंडी घातल्याची जगातली पहिलीच घटना असणार. पेपरवाल्यांना फोन करतो.

१ जून, दुपार
फोन केला नाही. लवॉनने हात धरला. तिने ऑर्फाबाईंना महिन्यापूर्वीच बोलावून शेपट्या दाखवल्या होत्या. अंडी सापडली तीही तिने गुपचूप ठेवलेल्या मार्जरीनच्या डब्यात, ओल्या शेवाळावर. डचेस फक्त लठ्ठ आहे. आणि नर आहे.

१७ ऑगस्ट, प्रदर्शन
नऊ पिल्लं निघाली. साप घरातच राहणार. टेबलावर पाटी: ‘लवॉनचे हॉगनोज’. माझ्याकडे टूनाचं पाणी गाळायचं खातं. एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे कोण? लवॉन म्हणाली, आमचे डेल्मर, गुरांतले मोठे जाणकार.
मी खुर्चीत मागे पडलो, डोळे मिटून, तोंड उघडं टाकून. तिने सरळ केलं. पुन्हा पडलो.