भिंतीवर पुसलेलं कुंकू

वंदीची माय,

तू गेल्यापासून तुला पत्र लिहिलं नाही. तू असताना तरी कुठं लिहिलं होतं म्हणा! एका चुलीवरचं जेवणाऱ्यांनी पत्रं कशाला लिहायची? पण काल अमरावतीत तू अशी अचानक समोर आलीस आणि माझं डोकं असं सणकलं, की सांगितल्याशिवाय भाकर गिळवेना. आणि रागाचं काही असलं की मी तुलाच सांगत आलो.

वंदीनं नेलं होतं. मी आता गाव सोडून जठारपेठेत तिच्याकडेच असतो. "बाबा, दिवसभर भिंतीच पाहून राहिले ना तुमी? चला, रंगवलेल्या तरी पाहू," म्हणाली. अमरावतीत म्हणे गावातली भिंतीचित्रं हिंडून दाखवतात आणि शेवटी फवाऱ्याच्या डब्यानं रंगवायला शिकवतात. फवारा म्हटल्यावर मी तयार झालो. जन्मभर कपाशी फवारली, भिंत काय अवघड!

आमच्यापुढं तेजस नावाचा पोरगा, सगळं समजावून सांगणारा. आवाज गोड. त्यानं वाघ दाखवला, पतंग उडवणारी पोरगी दाखवली, संत्र्याची एवढी मोठी फोड दाखवली की तुझ्या तोंडाला पाणी सुटलं असतं. मी खुशीत होतो गं. मग एका जुन्या गोदामाच्या आवारभिंतीपाशी वळलो, आणि समोर तू!

तूच. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. उजव्या कानाची फाटकी पाळी, वासरानं डूल ओढलं होतं ती. गालावर एक थेंब. मागं भेगाळलेलं रान. आणि कपाळ? कोरं!

"ही वऱ्हाडातली शेतकऱ्याची विधवा," तेजस सांगू लागला. "हिचं नाव कुणालाच माहीत नाही. ही आपल्या काळाच्या दुःखाचं प्रतीक आहे."

लोक हळहळले. एका बाईनं रुमाल काढला. आणि मी, तुझा नवरा, टोपी घालून तिथंच उभा! मी मेल्याची बातमी मला अशी रस्त्यात कळावी?

तो फोटो आठवतो ना? चांदूर बाजारच्या बाजारात तू मिरच्यांचे देठ खुडत बसली होतीस. पीक बुडालं की कॅमेरेवाले यायचेच त्या वर्षांत. एक जण तुझ्यासमोर उकिडवा बसला. "काहून फोटो काढून राहिला रे बाबू? बाई नाई पाहिली का कधी?" म्हणालीस आणि त्याच मिरचीच्या हातानं डोळा चोळलास. घरी येऊन पोट धरून हसत होतीस. "असी रडली मी त्याच्यासमोर, असी रडली!" तो मिरचीचा थेंब बघ कुठं जाऊन बसला!

थेंबाचा राग नाही मला. आपण काही तुपात लोळत नव्हतो. पण फाटकी पाळी ठेवली, गोंदण ठेवलं आणि कुंकू तेवढं पुसलं! कुंकू लावलेल्या बाईचं दुःख वजनात कमी भरतं का?

शेजारची शांता नवरा जाऊन खरंच एकटी पडली, तेव्हा तिच्या दारात कॅमेरा आला, पण दुसऱ्यांदा कुणी आलं का? तू मात्र संक्रांतीला तिला हाताला धरून आणलंस, सगळ्या बायांत बसवलंस आणि कुंकू लावलंस. माझी आई तोंड वाकडं करून बसली. "कपाळ तिचं हाय, नवऱ्याचं नाई," तू ठणकावलंस. अशा बाईचं कपाळ कुण्या परक्यानं पुसावं?

मी तेजसला म्हणालो, "बाबू, हे माही बायको हाय."

तो गोड हसला. "आजोबा, प्रत्येकाला ती आपली कुणीतरी वाटते. तेच तर चित्राचं यश!"

यश! वंदीनं फोनमधला तुझा फोटो त्याच्या नाकाशी धरला. कान बघून त्याचा चेहरा उतरला. "माफ करा आजोबा. पण चित्राला हात नाही लावता येणार. चित्रकाराला विचारावं लागेल."

"अन् तिले कोणी विचारलं होतं?"

तो रंगाचे डबे मांडायला वळला.

पुढं शिकवणी सुरू झाली, शेजारच्या कोऱ्या भिंतीवर. डबा हलवायचा, आतली गोळी खडखडली पाहिजे, वीतभर लांबून दाबायचं. पुठ्ठ्यात नक्षी कापायची आणि भिंतीला धरून तिच्यावर रंग मारायचा. कुणी फुलपाखरू कापलं, कुणी स्वतःचं नाव. मी चहाची बशी उपडी ठेवून तिच्याभोवती कापलं.

"आजोबा, नुसता गोल?" एका पोरीनं विचारलं.

"नुसता नाई, बाई."

लाल डबा उचलला, रंगाऱ्यांचा शिडीचा घोडा ओढत तुझ्यापाशी नेला आणि चढलो. तेजस धावत आला, "आजोबा, नका ना!" वंदीनं घोडा गच्च धरला. "माही माय हाय ते. मी हलत नाई. बाबा, हळू, पडसान!" रुमालवाल्या बाईनं काही न बोलता दुसरी बाजू धरली.

कपाशीचं पान निथळेपर्यंत फवारायचं, ही हाताची जुनी खोड. मी जवळून, सढळ हातानं दाबला डबा. पुठ्ठा काढला तर लाल रंग थेट नाकापर्यंत!

"बाबा, ओघळलं!" वंदी हसत होती की रडत होती, वरून कळेना.

"ऱ्हाऊ दे. तिचं असंच ओघळे."

दुपारी निंदणातून यायचीस तेव्हा घामानं असंच नाकावर उतरलेलं असायचं. आता कुठं तू तुझ्यासारखी दिसलीस.

एक सांगू? तू आधी गेलीस, भरल्या कपाळानं, तेव्हा सगळे म्हणाले, भाग्याची होती. मला तेव्हाही राग आला होता. भाग्य तुझं, आणि रिकामं घर माझं? जाताना कोणत्या डब्यात काय आहे तेवढं तरी सांगून जायचं! अजून जिरं सापडत नाही मला.

तेजस म्हणाला, चित्रकार बहुतेक ते पुसायला लावेल. लावू दे. लाल डबा वंदीनं मागून घेतला, तो माझ्या उशाशी आहे. त्यांनी पुसलं की मी जाईन आणि पुन्हा लावीन. आणि तिथं जमलेल्या प्रत्येकाला तुझं नाव सांगेन. आपल्यात नवरे बायकोचं नाव घेत नाहीत, हे ठाऊक आहे. तरी सांगेन, मोठ्यानं: सुभद्रा.

तुझा, अजून जिवंत असलेला नवरा,
वंदीचा बाप