गाडी सावलीत, पॅनेल उन्हात

प्रिय ठमू,

हे संबोधन तुझ्या वयाला आणि हुद्द्याला आता शोभत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु दुसरे सुचत नाही, तेव्हा चालवून घे. आमची ती फिरतीची घरगाडी विकून कायमचे तुझ्याकडे राहायला यावे, या तुझ्या आग्रहाला मी फोनवर होकार दिला होता. त्यासंदर्भात हे पत्र लिहीत आहे.

तुझी आई गेल्यापासून गाडी फाटकाजवळ भर उन्हात उभी असते आणि सोलर पॅनेल तिच्या शेजारी. आसनाखालच्या दोन्ही बॅटऱ्या उत्तम स्थितीत आहेत. तुझ्या आईने त्यांची नावे थोरली आणि धाकटी ठेवली होती, हे तुला आठवत असेल. दर महिन्याला मी झाकणे उघडून पाणी पाहतो, उणे असेल तेथे डिस्टिल्ड वॉटर घालतो, टर्मिनल पुसून त्यांवर व्हॅसलीनचे बोट फिरवतो. पूर्वी ती माझ्या खांद्यावरून टॉर्च धरायची आणि विचारायची, "झालं का दोघी जावांचं चहापाणी?"

आता दोघी सकाळीच पूर्ण चार्ज होतात. खर्च करणारेच कोणी नाही. गाडीतला छोटा दिवा चालू राहिला म्हणून मी तिला किती बोलत असे. हल्ली तो मीच लावून ठेवतो, तेवढेच त्यांना काम. दुपारी मागच्या बाकावर जाऊन बसतो. पंखा संथ फिरतो, पडदा फुगतो आणि पुन्हा खिडकीला चिकटतो. डोळा लागतो न लागतो तोच गाडी चालू असल्यासारखे वाटते. रस्ता दिसत नाही, नुसती झाडे मागे जात राहतात, आणि शेजारी कोणीतरी संत्रे सोलत असते. जाग आली की वास शोधतो.

मुक्काम कोठे करायचा यावरून आमचे नेहमी वाजायचे. मला पॅनेलसाठी मोकळे ऊन हवे असे, तिला झाड. एकदा ती भर रस्त्यात म्हणाली, "तुमच्या पॅनेलला ऊन हवं आणि मला सावली. आता ठरवा, फिरायला कोणाला आणलंय?" त्यावर मी लांब वायर विकत आणली. तेव्हापासून गाडी सावलीत आणि पॅनेल दूर उन्हात. वायर जितकी लांब तितकी वीज वाटेत गळते, हे मी तिला रीतसर समजावले होते. "गळू दे की थोडी," एवढेच उत्तर मिळाले. मग दुपारभर ती झाडाखाली पाय पसरून पडायची. पॅनेलवर फांदीची सावली सरकली की डोळे न उघडताच म्हणायची, "उठा, तुमचं ऊन हललं." तिला ते कसे कळायचे, हे मला अजून उलगडलेले नाही. मी उठायचो, पॅनेल सरकवायचो, परत येऊन तिच्या उशाशी बसायचो. पानांतून झिरपलेला उजेड तिच्या अंगावरून पाण्यासारखा हलत असायचा.

काल गिऱ्हाईक गाडी पाहून गेले. सज्जन गृहस्थ आहेत. बॅटऱ्यांची निगा पाहून त्यांनी मनापासून कौतुक केले आणि किंमतही बिनतक्रार मान्य केली. मग वायरचे वेटोळे उचलून म्हणाले, "ही एवढी कशाला? कापून आखूड करू. गाडी उन्हातच लावायची, म्हणजे प्रश्न मिटला." त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अचूक होते. आयुष्यभर मीही हेच म्हणत आलो. परंतु मी ते वेटोळे त्यांच्या हातातून काढून घेतले आणि गाडी विकायची नाही, असे सांगितले. ते थोडे चक्रावले. खरे सांगायचे तर मीही.

तुझ्याकडे येण्याचा शब्द मी मोडत नाही. मागील खेपेस मी तुझ्या परसात येरझाऱ्या घालत होतो, तेव्हा बाबांना करमत नाही असे समजून तू जावईबापूंना माझ्यामागे धाडलेस. वस्तुतः मी अंदाज घेत होतो. तुझ्या मोठ्या झाडाखाली गाडी मावते. कपडे वाळत घालण्याच्या दोरीपाशी दिवस मावळेपर्यंत ऊन असते. तू माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहेस, तिच्यात मी जेवेन, वाचेन, पाहुणे आले तर नीट कपडे करून बसेन. निजायला मात्र मला त्या झाडाखाली जागा देशील का? वायर तेथून दोरीपर्यंत पुरते. हे फोनवर विचारवले नसते, म्हणून लिहिले.

तुझाच, सावलीपुरता हट्टी,
बाबा