दोनशे मीटरच्या बाहेर

ता. ४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

दादाचे अ. उ. आ. इकडे सगळं बरं आहे. तिकडेही असावं म्हणून रोजच्या प्रार्थनेत तुझ्यासाठी दोन ओळी जास्त म्हणतो.

तुमच्या खात्याने पाठवलेला टॅब्लेट शाळेत पोचला. सतरा मुलं आणि यंत्र एक, त्यामुळे रोज रांग. पण वस्तू गुणाची आहे. गवंड्याच्या मुलीला कमी ऐकू येतं. तीन वर्षं ती मागच्या बाकावर नुसती बसून होती. तिच्या कानांना हेडफोन लावले आणि आवाज पूर्ण वाढवला. गोष्ट सुरू झाली तशी तिने दोन्ही हातांनी ते दाबून धरले, कुणी काढून घेईल की काय अशा भीतीने. आता ती अक्षरावर बोट ठेवून वाचते. पहिल्या बाकावर येऊन बसली आहे, आणि तिला तिथून उठवायची कुणाची छाती नाही.

शाळेत रेंज नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून तर अजून तुला कागदावर लिहितो. हजेरी सकाळी वर्गात भरतो आणि शाळा सुटल्यावर रेंज मिळते तिथे चालत जाऊन पाठवतो. जागा कुठली ते सांगत नाही, चेष्टा करशील. गवंड्याचं घर त्याच वाटेवर, म्हणून ती मुलगीही सोबत असते.

जेवणाच्या वेळा पाळ. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
दादा


ता. २९ सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला, हवं तर कान धर. श्वास घ्यायला फुरसत नाही.

आमच्या भिंतीवर एक मोठा पडदा आहे. त्यावर चार हजार शाळा, प्रत्येकीचा एक ठिपका. हजेरी आली की हिरवा, नाही आली की लाल. नावं नाहीत, नुसते नंबर. काही मास्तर घरी लोळत हजेरी पाठवतात अशी ओरड होती. त्यावर उपाय मी सुचवला. शाळेपासून दोनशे मीटरच्या आतून आलेलीच हजेरी धरायची, बाहेरून आली तर सगळी मुलं गैरहजर. साहेबांनी भर बैठकीत पाठ थोपटली. तुझा धाकटा अगदीच वाया गेला नाही.

एक गंमत सांगतो. एक महाभाग रोज साडेचारला अख्ख्या शाळेची हजेरी चक्क स्मशानातून पाठवतो. आम्ही नकाशा मोठा करून पाहिला, तर एक भिंत, एक झाड आणि दगड. ऑफिसात त्याचं नाव पडलंय भुतांचा मास्तर. चहाच्या वेळी रोज कुणीतरी विचारतो, आज भुतं सगळी आली का. बंद करायच्या शाळांच्या यादीत त्याचा नंबर पहिला, खूण मी स्वतः केली. असल्यांमुळेच तुझ्यासारख्यांचं नाव खराब होतं. पुढच्या महिनाअखेरीला यादी वर जाईल.

तुझ्या शाळेचा नंबर कळव. हिरवीच असणार, पण डोळ्यांनी बघितलं की बरं वाटेल.

तब्येत सांभाळ. धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


ता. १० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. नंबर टॅब्लेटच्या पाठीवरच चिकटवलेला आहे. शेवटचे चार आकडे ४०१७. ताडून पाहा. पण तू तो ओळखतोस असं मला वाटतं.

ते झाड बाबांच्या समाधीच्या दगडाच्या उशाशी आहे. लावलं तेव्हा तू पहिलीत होतास. पाणी मी वाहून आणलं, ओतलंस तू. आता ते आकाशातून दिसण्याएवढं झालं आहे, हे तुझ्या पत्रातून कळलं. रेंज फक्त तिथेच येते. हजेरी जाईपर्यंत पाच-सात मिनिटं लागतात, तेवढा वेळ बाबांपाशी बसणं होतं. मुलगी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावते, मला कंटाळा येऊ नये म्हणून.

भुतांचा मास्तर हे नाव काही वाईट नाही. इथली मुलं पाठीमागे मला खडू म्हणतात.

मी रागावलेलो नाही, बाळ. यादीतून नाव काढता येत असेल तर तेवढं बघ. पुढची शाळा नऊ किलोमीटरवर आहे. बाकीची जातील कदाचित. गवंडी मात्र मुलीला पाठवणार नाही. म्हणतो, मागून गाडी आली तर तिला कळणारसुद्धा नाही. तो चूक आहे असं मला म्हणता आलं नाही.

दादा


ता. २ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. कुठल्या तोंडाने लिहू कळत नाही.

यादी महिनाअखेरीपर्यंत थांबली नाही. तुझं पत्र हातात पडायच्या आधीच वर गेली होती. साहेबांकडे गेलो, भाऊ आहे म्हणालो. ते म्हणाले, नियम तुझाच, आणि भावासाठी तूच मोडलास तर बाकीच्यांना काय सांगायचं. तक्रार करता येते, पण ती त्याच टॅब्लेटवरून आणि शाळेच्या दोनशे मीटरच्या आतूनच पाठवावी लागते. ती ओळही माझीच आहे, दादा.

ऑगस्टच्या पत्रात तू सगळं लिहिलं होतंस. मी ते लिफ्टमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि खिशात घातलं. नंतर नियम लिहिताना तुझी आठवण झाली नाही. झाड पडद्यावर हाताएवढं दिसत होतं, तेही ओळखलं नाही. सगळे हसले तेव्हा मीही हसलो.

रजा मागितली आहे. मिळाली की येतो. तोवर मला परका करू नकोस.

धाकटा


ता. १९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. शुक्रवारी तालुक्याचे साहेब जीपने आले. टॅब्लेट आणि हेडफोन खोक्यात भरून माझी सही घेतली. माणूस उद्धट नव्हता. मी विचारलं, या सतरा जणांचं काय. ते म्हणाले, नोंदीप्रमाणे सप्टेंबरपासून शाळेत एकही मूल आलेलं नाही, तेव्हा नुकसान कुणाचंच नाही. सतराही मुलं तेव्हा समोर उभी होती. मी शिकवल्याप्रमाणे त्यांनी एका सुरात साहेबांना नमस्ते म्हटलं.

माझी बदली शहरातल्या शाळेत झाली आहे, एक तारखेला हजर व्हायचं आहे. तिथे म्हणे खुर्चीवरून न उठता हजेरी जाते.

सोमवारी शाळा नव्हती. साडेचारला पाय आपोआप वर वळले. भिंतीशी पोचलो तर गवंड्याची मुलगी आधीच येऊन झाडाखाली बसली होती, मांडीवर जुनं पुस्तक. मी काही विचारायच्या आत तिने हजर म्हटलं, कमी ऐकणारे म्हणतात तसं, फार मोठ्याने. मी सवयीने पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी होती. मग ती वाचू लागली. पान संपेपर्यंत मी बसून राहिलो. देवापाशी त्या वेळी काय मागावं, तेही सुचलं नाही.

तुझ्यावरची माया तिथल्या तिथेच आहे, ती कुठल्या वर्तुळात मोजू नकोस. रजा मिळाली तर एक तारखेच्या आत ये. शाळेला कुलूप आहे, म्हणून सरळ झाडाकडे ये. साडेचारला आम्ही दोघं तिथे असतो.

तुझा,
दादा