रस्त्यावर मीठ आहे

दादा, तुमच्या मागे तुमची गाडी मी सांभाळली, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं तुम्ही नीट ऐकाल. गंज नाही. रंग तोच, बाटलीसारखा हिरवा. कापडी टप एकदा बदलावा लागला, सीटचं चामडं मात्र जुनंच आहे. इथे कॉव्हेंट्रीत ज्या कारखान्यात ती जन्मली तिथे आता घरं झाली आहेत. त्या घरांवरून ती गेली की लोक हात करतात, फोटो काढतात. सत्तरी ओलांडलेला माणूस दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये दिसला की लोकांना का आनंद होतो, कोण जाणे. तुम्हाला तो आनंद फार आवडायचा. सिग्नलला थांबलं की तुम्ही मान जराशी वळवून बघायचात, बघताहेत ना, म्हणून.

हिवाळा चालू आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितोय. तुमची सून नोव्हेंबर लागला की पुण्याला बहिणीकडे जाते आणि मार्चअखेर इथली घड्याळं तासभर पुढे झाली की परत येते. शहाणी बाई आहे. मी जात नाही. जन्मभर इथल्या पोरांना गणित शिकवलं, पण साताऱ्याच्या शाळेत सातवीपर्यंत पाठ केलेल्या कविता अजून डोक्यात आहेत, आणि त्यांतला हिवाळा म्हणजे हुरडा, शेकोटी, धुक्यातून येणारी घुंगरं. गुलाबी थंडी हा शब्द ज्याने काढला त्याने मिडलंड्‌समधला जानेवारी पाहिला नसणार. इथली थंडी राखाडी, आणि ती बाहेर असते त्याहून जास्त घरात असते. यंदा घरात मी आणि तुमची नात आहोत. ती लंडनला, हाउन्सलोत, विमानतळाच्या मालवाहतुकीत नोकरी करते, चाळिशीची झाली, एकटी राहते. नाताळला म्हणून आली आणि परत गेलीच नाही. त्याकडे येतो. आधी तुमचं.

लोक दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघतात. आपल्या घरात दसऱ्याला गाडी बंद व्हायची. हा रिवाज तुमचा. सकाळी ती धुऊन पुसून बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं. लंडनमधल्या वेम्बलीच्या देशी दुकानांकडून कुणी येणार असेल तर झेंडूची माळ, नाहीतर बागेतली उरलीसुरली शेवंती. चाकाखाली लिंबू ठेवून तुम्ही गाडी हातभर पुढे घ्यायचात, लिंबू फुटलं की झालं सीमोल्लंघन, आणि लगेच मागे, गॅरेजमध्ये. बॅटरी काढायची, चाकं विटांवर चढवायची, अंगावर आईच्या जुन्या चादरी आणि वर ताडपत्री. मग थेट गुढीपाडवा. मधल्या काळात कौन्सिलचे ट्रक रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून. ते मीठ चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा खाऊन टाकतं. शेजारचा म्हातारा कुंपणावरून विचारायचा, ‘काय डॉक्टर, बाईसाहेबांना झोपवलं का?’ तुम्ही खूश. आई मागच्या दारातून म्हणायची, ‘धाकटीचं आवरलं असेल तर या. थोरलीनं पानं वाढलीयत.’

आणि तो स्टेथोस्कोप. तुम्ही छातीचे डॉक्टर. हॉस्पिटलात जुना झालेला स्टेथोस्कोप घरी आणून त्याचं टोक काढलंत, आणि उघडी नळी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून ऐकायचात. दोन कार्ब्युरेटर, जशी दोन फुप्फुसं. दोघांचा श्वास सारखा येईपर्यंत स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे. जमलं की इंजिन एका लयीत बोलायला लागायचं आणि तुम्ही विचारायचात, ‘वृत्त कोणतं?’ मी म्हणायचो, ‘भुजंगप्रयात.’ चार सिलिंडर, चार वेळा लगागा. ‘शाबास.’ तुमच्याकडून मला मिळालेली शाबासकी ती एवढीच. पेट्रोल, गरम तेल आणि चामड्याच्या त्या वासात मी सुखी होतो, हे नाकारत नाही. पण वय वाढलं तसं मला त्यातलं दुसरंच काही दिसायला लागलं. उन्हाळाभर दर रविवारी तुम्ही तिच्या छातीचे ठोके ऐकायचात. आणि भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात, आई होती.

ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे गेली की आई मंद व्हायची. आधी तिचं गुणगुणणं थांबायचं, मग बोलणं. ‘चार वाजता तिन्हीसांज होते. चारला देवापाशी दिवा लावायचा आणि मग एवढ्या मोठ्या रात्रीचं करायचं काय?’ असं ती विचारायची आणि आपण हसायचो. ती विनोद करत नसायची. जानेवारीत भाजी करपायची, ती गॅससमोरच उभी असताना. वास आला तरी तिला कळायचं नाही, नजर खिडकीतून मागच्या कुंपणावर. तुम्ही म्हणायचात, ‘थंडी सोसत नाही तुला. स्वेटर घाल.’ आता याला नाव आहे, गोळ्या आहेत, समोर ठेवून बसायचे दिवे आहेत. तेव्हा स्वेटर होता.

मी कॉलेजातून सुटीला आलो होतो तेव्हाचा तो फेब्रुवारीतला शनिवार. कित्येक दिवसांनी ऊन पडलंय. खरं ऊन, भांड्यांवर चमकणारं. तुम्ही टेबलावर वर्तमानपत्र पसरून कार्ब्युरेटरची कसली तरी कळ केरोसीनने घासत बसला आहात. आई जिन्यावरून उतरते. साडीवर तपकिरी कोट, डोक्याला रुमाल, पायांत बूट. आज ती आपणहून तयार झाली आहे, हे तुमच्या लक्षातही येत नाही.

‘अहो, ऊन पडलंय. तासभर फिरवून आणा मला. टप उघडून.’

‘रस्त्यावर मीठ आहे.’

‘मग?’

‘मग काय? खालून सडते ती. चल, मोठ्या गाडीतून नेतो. टाउनमध्ये काही आणायचंय का?’

‘टाउनमध्ये काही नाही आणायचं. त्या डब्यात बसून काचेतून बघायचं, तर इथेच काच आहे. डोक्यावर ऊन घ्यायचंय मला.’

‘पाडव्याला नेतो ना. महिना-दीड महिना तर राहिला.’

‘पाडव्याला मी माझी चालत जाईन,’ आई म्हणाली. मग थोडा वेळ तुमच्या हातातल्या त्या कळीकडे बघत राहिली. ‘मिठाला जागावं म्हणतात. तुम्ही मिठाला भिता.’

तुम्ही हसलात. तुम्हाला ते वाक्य आवडलं, पुढे चार जणांत तुम्ही ते सांगायचातही, बायको कशी हजरजबाबी आहे म्हणून. आईने कोट काढला नाही. रुमालही नाही. तशीच गॅसपाशी उभी राहिली आणि कोट घालून तिने पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या, आपल्याला वाढलं. पीठ कोटाच्या बाह्यांना लागत होतं. ऊन भिंतीवरून सरकत सरकत गेलं. तुम्ही म्हणालात, ‘पिठलं झकास झालंय.’

आणि मग पाडवा यायचा. मागच्या अंगणात गुढी, श्रीखंड, डॅफोडिल्स फुललेले. तोवर आई आपोआप सावरलेली असायची, दिवस मोठा झाला की ती व्हायचीच. तुम्ही ताडपत्री काढून, टप उघडून तिला केनिलवर्थच्या रस्त्याने फिरवून आणायचात. ती हसायची, केस उडायचे, गाल लाल व्हायचे. घरी आल्यावर कुणी ना कुणी पाहुणे असायचे आणि त्यांच्यासमोर तुम्ही म्हणायचात, ‘बघा, एक चक्कर मारून आणली की कशी खुलते. माझ्या औषधांपेक्षा गुणकारी आहे ही गाडी.’ लोक माना डोलवायचे. दादा, मला तुमच्या नकाराचा राग आहे, पण या श्रेय घेण्याचा त्याहून जास्त आहे. ती चार महिने एकटी त्या अंधारातून चालत यायची, आणि उजेडात पोचली की तुम्ही दार उघडून म्हणायचात, बस, मी नेतो. आईने तुम्हाला कधी खोटं पाडलं नाही. नुसती पुऱ्यांचा डबा पुढे सरकवायची आणि म्हणायची, ‘घ्या, गार होतील.’

ती गेली जानेवारीत. झोपेतच गेली, हृदयाने, कुणाचा दोष नाही. तुम्हीच मृत्यूचा दाखला वाचून मला समजावून सांगितलात, डॉक्टरी आवाजात. क्रिमेटोरियमकडे जाताना आपण दोघं काळ्या गाडीच्या मागच्या सीटवर होतो, पुढच्या गाडीत पेटीत आई. कडाक्याचं दंव, सगळा रस्ता पांढरा. तुम्ही सबंध वाट बाहेर बघत होतात आणि एकच वाक्य बोललात. ‘आज फार मीठ टाकलंय.’ मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो शनिवार तुम्हाला आठवला होता, की गाडीवाल्या माणसाचं नुसतं निरीक्षण होतं ते? हे मी त्या दिवशी विचारलं नाही, नंतर तुम्ही होतात तोवरही विचारलं नाही. तुम्ही गेल्यावर मात्र विचारत राहिलो, तीसेक वर्षं, कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. आठवलं होतं असं ठरवलं की तुमची कीव येते. नव्हतं आठवलं असं ठरवलं की राग गेल्यावरही तोंड कडू राहतं. दोन्हींतलं एक धरून बसता आलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता नातीचं. तिला आजीचंच मिळालंय. डॉक्टरने नाव सांगितलं, रजा लिहून दिली, दिवा घ्यायला सांगितला. सकाळी ती या टेबलाशी दिव्यासमोर बसते, डोळे मिटून, हातात कप. बाकीचा दिवस वरच्या खोलीत, पडदे ओढून. मी जिन्याखालून हाक मारतो, ‘उठलीस का गं?’ वरून येतं, ‘येस बाबा.’ एकदा मी तिला शाळेतल्या दोन-चार कविता म्हणून दाखवल्या. तिने ऐकून घेतल्या, शेवटी म्हणाली, ‘छान आहे. मला सगळं समजला नाही.’ आम्ही दोघंही जरा हसलो. तेवढंच.

परवा ऊन पडलं. दंव उन्हात वितळत होतं, कुंपणावरून वाफ निघत होती. ती खाली आली, तिच्या आईची लोकरी टोपी घालून, कोट चढवून, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

‘बाबा, सन आहे बाहेर. आजोबांची गाडी काढता? रूफ उघडं करून. थोडाच वेळ.’

‘रस्त्यावर मीठ आहे,’ मी म्हणालो.

दादा, हे मी विचार करून म्हणालो नाही. ते वाक्य तोंडात तयारच होतं. तोच स्वर, तीच मान न उचलता म्हणण्याची पद्धत. आणि का नसावं? तुमचा रिवाज मी एकाही वर्षी मोडलेला नाही. आईसाठी तुमच्यावर रागावलो, आणि दसऱ्याला लिंबू मात्र फोडत राहिलो.

‘ओके. नो वरीज,’ ती म्हणाली, आणि कोट न काढता दिव्यासमोर जाऊन बसली.

मी गॅरेजमध्ये गेलो. ताडपत्री काढली, बॅटरी जोडली, जॅक लावून एकेक चाक विटांवरून उतरवलं. माझे हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत. ऊन सरकत होतं आणि मी स्वतःला शिव्या घालत होतो, तुम्हालाही. चोक ओढून खूप वेळ खोकत खोकत ती सुरू झाली, वृत्त पार मोडलेलं. आवाज ऐकून पोरगी दारात आली. काही न विचारता आत बसली.

केनिलवर्थच्याच रस्त्याने गेलो. टप उघडा, हीटर असून नसल्यासारखा. तिने मान मागे टाकून तोंड उन्हाकडे केलं आणि डोळे मिटले. ती खुलली वगैरे नाही. गाल लाल झाले ते थंडीने. पण पडद्याआड नव्हती, हे खरं. आणि मी तिच्याकडे बघायचं सोडून चाकांवरून उडणाऱ्या मिठाच्या खड्यांचा आवाज ऐकत होतो. प्रत्येक खडा पत्र्यावर वाजला की माझ्या दातांत कळ यायची. मधेच ती काहीतरी बोलली. दोन-तीन वाक्यं असावीत, चेहरा अजून उन्हाकडे, डोळे मिटलेले. काही मागायचं नसताना, नुसतं आपणहून बोललेली, नाताळपासूनची पहिलीच.

‘काय म्हणालीस?’

‘काही नाही, बाबा.’

मी पुन्हा विचारलं. तिने हसून मान हलवली. मी गाडी घराकडे वळवली.

घरी पोचल्यावर ती आत गेली, चहा ठेवते म्हणाली. मी कोमट पाण्याच्या नळीने गाडीचं पोट धुवायला घेतलं. या वयात ओल्या सिमेंटवर आडवा झालो, चाकांच्या कमानींत हात घालून मीठ खरवडून काढत राहिलो. आतून हाक आली, ‘बाबा, चहा.’ मी म्हणालो, ‘आलोच.’ थोड्या वेळाने परत आली. परत म्हणालो. वाहणारं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावून बघत होतो, खारट लागायचं थांबेपर्यंत उठलो नाही. आत गेलो तेव्हा टेबलावर माझा कप झाकून ठेवलेला होता आणि ती वर गेली होती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणूनच एवढं लिहवलं. पोरीला यातलं काही सांगणार नाही, तुमच्या सुनेला फोनवर सांगितलं तर ती नुसती गप्प राहील. त्या ओल्या जमिनीवर मी का पडून राहिलो, हे न विचारता समजेल असा माणूस तुमच्याशिवाय मला कुणी नाही, दादा. परवापासून राग आहे तो याचाच.