सासूबाईंची अर्धी राहिलेली शाल

ती. स्व. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच गोड मानून घ्यावा).

तुमचे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे तुमचे बंधू ठणठणीत. कारखान्यातून येतात, जेवतात, घोरतात.

तुमचं पत्र पोचलं. सासूबाईंनी तुमच्यासाठी क्रोशाची शाल विणायला घेतली होती, त्या गेल्या नि ती अर्धीच राहिली, तर आहे तशी पाठव, इथल्या एका बाईंकडून पुरी करून घेईन, असं लिहिलंत. झोंबलं हो ते मला! घरात सून जिवंत असताना परक्या बाई कशाला? बसले की सुई घेऊन, त्यांच्याच खिडकीजवळच्या खुर्चीत.

पहिल्या खेपेला ओळीतला शेवटचा टाका दर वेळी माझ्या हातून सुटत गेला. शाल निमुळती होत होत संध्याकाळपर्यंत तिचा लंगोट झाला (माफ करा, दुसरा शब्द सुचत नाही). वैतागून खुर्चीत टाकली. सकाळी बघते तर माझं सगळं विणकाम उसवलेलं, लोकरीचा गुंडा नीट गुंडाळलेला, आणि सुई सासूबाईंच्या शेवटच्या टाक्यात अडकवून ठेवलेली. तुमचे बंधू म्हणाले, उंदीर असेल. अहो, उंदीर लोकर कुरतडेल, गुंडाळून कशाला ठेवेल?

अंगावर सर्रकन काटा आला, पण मीही इरेला पेटले. पुढच्या खेपेला टाके मोजून घातले, तर इतके आवळले गेले की कड वाटीसारखी उभी राहिली. सकाळी उसवलेली. मग हात सैल सोडला, तर झालर सुटली. तीही गेली. दाराला आतून कडी, आणि खुर्चीची गादी मात्र कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी दबलेली. हात लावला तर कोमट! हळूहळू ध्यानात आलं, की सगळं उसवलं जात नाही. जिथं चुकलं तिथवरच उसवून सुई ठेवलेली असते. ही रीत कुणाची, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. जिवंतपणी तरी त्या कधी ‘चुकलं’ म्हणाल्या? यायच्या, दोरा ओढायच्या, चालू लागायच्या. आता मी त्या रिकाम्या खुर्चीला चांगली सुनावते, की तोंडानं सांगा ना, जीभ काय बरोबर घेऊन गेलात? (खुर्ची बोलत नाही. पण एकदा गुंडा आपणहून घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबला. त्या दिवशी मी जास्त बोलले नाही.)

तर सांगायचं असं, की चुकता चुकता माझा हात बसला. आता सकाळी माझ्या ओळी जशाच्या तशा असतात. आनंद व्हायला हवा, पण मेलं रडूच येतं. दिवसभर या घरात मी एकटी. माझ्याशी हुज्जत घालायला त्याच होत्या, आणि गेल्यावरही येत होत्या. शाल पुरी झाली की त्या कशाला येतील?

थोरांना नमस्कार, पोरांना धपाटे.

तुमची, लोकरीत गुंतलेली भावजय

ता. क. : म्हणून शेवटची ओळ मी विणणारच नाही. शाल मागू नका, एवढंच सांगायला हे सगळं पुराण लावलं. हवी तर तुम्हाला दुसरी विणून देते. आता येतं मला.

आणखी ता. क. : काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी पाहिलं, तर शेवटची ओळ विणून झाली आहे. टाके माझे नाहीत, माझा हात इतका हलका नाही. दोरा कापून, गाठ मारून, टोक आत दडवलंय. वन्सं, शाल टपालानं पाठवत नाही. न्यायला तुम्हीच या, आणि चार दिवस राहा. भांडलात तरी चालेल.